पाटी, प्रमाणपत्र आणि नोंदणी

कोल्हापुरातल्या एखाद्या गल्लीत ‘अॅक्युपंक्चर उपचार’ अशी पाटी दिसली, तर आत जाण्यापूर्वी काय विचारावे? ‘प्रमाणपत्र आहे का?’ एवढे पुरेसे नाही. प्रमाणपत्र एखादी खासगी संस्थाही देते. नोंदणी मात्र कायद्याने नेमलेली परिषदच करते.

ही चिनी उपचारपद्धती भारतात आणण्याचे श्रेय डॉ. बिजय कुमार बसू यांना दिले जाते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात तेही होते. त्याच वर्षी मुंबई प्रांतात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला. अॅक्युपंक्चरला मात्र बरीच वाट पाहावी लागली. पश्चिम बंगालने १९९६ साली कायदा केला. महाराष्ट्राचा अधिनियम २०१५ चा.

नोंदणीची गरज काय? एकाला टोचलेली सुई निर्जंतुक न करता दुसऱ्याला टोचली, तर ‘ब’ प्रकारची कावीळ पसरू शकते. उपचारकाचे नाव नोंदवहीत असले, तर तक्रार कोठे करायची ते कळते आणि दोष सिद्ध झाल्यास ते नाव काढून टाकता येते.

पण नोंदणी म्हणजे उपचार गुणकारी असल्याचा पुरावा नव्हे. नोंदणी सांगते, ‘हा माणूस जबाबदार आहे.’ उपचाराने खरोखर गुण येतो का, हे काटेकोर चाचण्याच सांगतात. हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे. परिसरातील दवाखान्यांच्या पाट्यांवर नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहून त्यांना सुरुवात करता येईल.