निवाऱ्यातले दोन तास

दिवाळी जवळ आली, की शहरांतील बेघर निवाऱ्यांच्या दारात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. फराळाची पाकिटे, खोकी भरून खेळणी, ब्लँकेटे, एखाद्या कंपनीचा फलक आणि त्यामागे उभी केलेली मुले, असा हा सोहळा आठ-दहा दिवस चालतो. जानेवारी उजाडेपर्यंत सारे शांत झालेले असते. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या कुटुंबाचा संसार एका पत्र्याच्या पेटीत मावतो, त्याने भेट आलेल्या चार बाहुल्या ठेवायच्या कुठे? निवाऱ्यात वस्तूंपेक्षा दुर्मिळ असते ते दर शनिवारी ठरल्या वेळी येणारे माणूस.

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात आणि सुमारे ५७ हजार मुंबईत होत्या. बेघर म्हटले, की उड्डाणपुलाखाली झोपलेला एकटा पुरुष डोळ्यांपुढे येतो. मात्र त्याच जनगणनेत सुमारे साडेचार लाख बेघर कुटुंबे मोजली गेली. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांनी दर एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास खुला राहणारा निवारा उभारावा, असे बजावले. पुढे २०१३च्या केंद्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, कुटुंबांसाठी वेगळे निवारे आणि मुलांसाठी जवळच्या अंगणवाडीशी जोडणी या गोष्टी नमूद झाल्या. प्रत्यक्षात अनेक निवारे केवळ पुरुषांसाठी किंवा केवळ स्त्रियांसाठी असतात. नवरा एका ठिकाणी, बायको दुसऱ्या ठिकाणी आणि मिसरूड फुटू लागलेला मुलगा तिसरीकडे, अशी फाटाफूट पत्करण्यापेक्षा कित्येक कुटुंबे पदपथच बरा मानतात. कुटुंबाला एकत्र राहू देणारे निवारे मोजकेच, आणि स्वयंसेवकाची खरी गरज तेथे असते.

अशा निवाऱ्यात छप्पर मिळते, पण घराचा कारभार हातून जातो. जेवण केव्हा मिळणार, दिवे केव्हा मालवणार, कोणत्या कोपऱ्यात झोपायचे, हे दुसरेच कोणी ठरवते. मूल ओरडले, तर आईच्या आधी देखरेख करणारा कर्मचारी त्याला दटावतो. आपल्या आईचे येथे काही चालत नाही, हे मुलाला फार लवकर कळते. मुलांसाठी उपक्रम घ्यायला आलेला उत्साही तरुणही नकळत त्यात भर घालतो. तो मुलांना गोळा करतो, आयांना ‘तुम्ही जरा तिकडे बसा’ म्हणतो आणि तासभर छान खेळ घेऊन जातो. मुले खूश होतात. आई मात्र आणखी एका माणसाला आपल्याहून अधिक हुशार ठरलेले पाहते.

म्हणून उपक्रम कुटुंबाचा हवा आणि त्यात शिकवणाऱ्याची जागा शक्य तेव्हा आई-वडिलांकडे जायला हवी. मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून आलेल्या बाईला गोधडी शिवता येते, कोडी आणि उखाणे तोंडपाठ असतात, सागरगोटे झेलण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. स्वयंसेवकाने तिच्याकडून खेळ शिकून घ्यावा आणि शिकताना चार वेळा चुकावे. मुले ते पाहत असतात. पारधी कुटुंबांची घरातली बोली गुजरातीला जवळची. गोष्ट आईने त्या बोलीत सांगावी, मुलाने ती मराठीत उलगडावी आणि बाकीच्यांनी चित्रे काढावीत, इतक्या साध्या मांडणीतून संध्याकाळ भरून निघते. वडील बहुधा दाराशी विडी विझवत उभे राहतात. त्यांना हाक मारून उपयोग होत नाही. पतंगाचा कागद आणि काड्या समोर ठेवल्या, की ते आपसूक खाली बसतात.

वेळ निवडताना कुटुंबांचे पोट कशावर चालते, ते पाहावे लागते. सिग्नलवर गजरे विकणारी बाई किंवा नाक्यावर उभा राहून बांधकामाची मजुरी मिळवणारा पुरुष दुपारी चारला भेटणार नाही. रात्रीचे जेवण होण्याआधीचा तास किंवा रविवार हीच सोयीची वेळ. जागा नसली, तरी एक सतरंजी पुरते. ती अंथरली, की खेळ सुरू आणि गुंडाळली, की संपला, हे दोन वर्षांच्या पोरालाही समजते. आज आलेले कुटुंब पुढच्या आठवड्यात असेलच असे नाही. म्हणून ‘पुढचा भाग पुढच्या वेळी’ असा उपक्रम टाळावा. त्या दिवशीचे काम त्या दिवशीच पुरे व्हावे. पावसाळ्यात गर्दी वाढते, तेव्हा साहित्य कमी पडणार हे गृहीत धरावे. अभ्यासात मदत करायला हरकत नाही, परंतु ती शाळेची जागा घेऊ शकत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. हे पालकांना सांगणे आणि हवे असल्यास सोबत शाळेपर्यंत जाणे अधिक मोलाचे.

या कामाला शिस्त कशी लावता येते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील बॉस्टनकडे पाहता येईल. तेथील ‘होरायझन्स फॉर होमलेस चिल्ड्रन’ ही संस्था १९८८ पासून कौटुंबिक निवाऱ्यांत खेळाच्या खोल्या उभारत आली आहे. स्वयंसेवकाकडून तिची अपेक्षा आठवड्याला दोन तास आणि किमान सहा महिने अशी राहिली आहे. आपल्याकडे ‘वेळ मिळेल तेव्हा येतो’ असे सांगणाऱ्यांचे मनापासून स्वागत होते. घर, शाळा, मित्र अशी एकेक गोष्ट गमावलेल्या मुलासाठी असा पाहुणा म्हणजे निघून जाणाऱ्यांच्या यादीत पडलेली आणखी एक भर होय.

काही बंधने पाळावीच लागतात. संस्थेने स्वयंसेवकाची पोलिस पडताळणी करून घ्यावी; त्यात अपमान मानू नये. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे बसू नये. छायाचित्रे काढू नयेत; घरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा एका छायाचित्राने उघड होऊ शकतो. ‘गाव का सोडले’, ‘नवरा कुठे असतो’ हे प्रश्न विचारूच नयेत. ज्यांना सांगायचे असते, ते गोधडीला टाका घालता घालता सांगतात. मात्र मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती किंवा शंका आली, तर गप्प राहण्याची मुभा नाही. २०१२च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि १०९८ हा बालमदत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

स्वयंसेवकालाही कधी तरी थांबावे लागते. नोकरी बदलते, लग्न होते, परीक्षा येते. तेव्हा किमान तीन आठवडे आधी मुलांना तारीख सांगावी, सतरंजी कोणाकडे सोपवणार ते दाखवावे, आणि शेवटच्या दिवशी खाऊ आणायचा असेल, तर तो आयांच्या हाती द्यावा. वाटप त्या करतील.