इंधन होतं, इंजिनांपर्यंत पोचलं नाही

हेलिकॉप्टर पडलं की तासाभरात बातमी येते, 'इंजिनात बिघाड'. मग पुढची सगळी चर्चा त्याच दोन शब्दांवर चालते. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात पोलिसांचं हेलिकॉप्टर 'क्लुथा' नावाच्या पबच्या छपरावर कोसळलं. आत बँड वाजत होता, गर्दी होती. हेलिकॉप्टरमधले तिघं आणि पबमधले सात, अशी दहा माणसं गेली. ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेचा अहवाल ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. हेलिकॉप्टरबद्दलच्या आपल्या कितीतरी पक्क्या समजुती या एका अहवालापुढे टिकत नाहीत.

पहिली समजूत, दोन इंजिनं असली की काळजी नाही. ग्लासगोचं 'ईसी १३५' हे हलकं, पण दोन इंजिनांचंच हेलिकॉप्टर होतं. उजवं इंजिन बंद पडलं आणि ३२ सेकंदांत डावंही. एका इंजिनात दोष आला तर दुसरं सांभाळून नेतं, हे खरंच आहे. पण दोघांना पोसणारी गोष्टच आटली, तर इंजिनं दोन असून उपयोग नसतो.

इथे दुसरा आणि सगळ्यांत चिवट गैरसमज येतो. इंजिन बंद पडलं म्हणजे इंजिनात खराबी होती, असं आपण धरून चालतो. तपासात दोन्ही इंजिनांत दोष सापडला नाही. इंधनही संपलेलं नव्हतं. मुख्य टाकीत ७६ किलो इंधन शिल्लक होतं. मग इंजिनं उपाशी का राहिली?

या हेलिकॉप्टरची रचना समजून घेतली की उलगडा होतो. पोटाखाली मुख्य टाकी आणि तिच्या मागे दोन छोट्या टाक्या असतात, प्रत्येक इंजिनासाठी एक. इंजिन इंधन घेतं ते आपल्या छोट्या टाकीतून. मुख्य टाकीतलं इंधन त्या टाक्यांत चढवायला दोन पंप असतात. इंधन कमी झाल्यावर हेलिकॉप्टरचं नाक वर-खाली झालं, की यातला एखादा पंप कोरडा पडतो. तो तेवढ्यापुरता बंद करायचा आणि नंतर आठवणीने चालू करायचा, हा वैमानिकाच्या रोजच्या कामाचा भाग. अपघातानंतर या दोन्ही पंपांची बटणं बंद स्थितीत सापडली. छोट्या टाक्या रिकाम्या होत गेल्या आणि शेजारचा साठा जागच्या जागी राहिला. एक छोटी टाकी मुद्दाम थोडी मोठी ठेवलेली असते, म्हणजे एक इंजिन थांबल्यावर दुसऱ्याला काही मिनिटं मिळावीत. त्या रात्री ती मिनिटंही मिळाली नाहीत.

कमी इंधनाचा इशारा पाच वेळा वाजला आणि पाचही वेळा तो पाहिल्याची पोच कॉकपिटमधून दिली गेली. असा इशारा आल्यावर दहा मिनिटांत उतरायचं, हा नियम. २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या न्यायिक चौकशीने इशारे न पाळल्याचा ठपका वैमानिकावर ठेवला. पण 'वैमानिकाची चूक' म्हणून फाईल मिटवणं मला पटत नाही. अपघातानंतर दोनच आठवड्यांत त्याच बनावटीच्या दुसऱ्या एका हेलिकॉप्टरचा काटा असल्यापेक्षा जास्त इंधन दाखवताना आढळला आणि चालक कंपनीने आपली या प्रकारची हेलिकॉप्टरं काही काळ जमिनीवर ठेवली. ग्लासगोचं कारण तेच होतं, असं अहवाल म्हणत नाही. पण अनुभवी माणूस इशारा ऐकूनही का उडत राहिला, हा प्रश्न दोषारोपाने सुटत नाही.

तिसरी समजूत, इंजिन थांबलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं. तसं नाही. वैमानिकाने डाव्या हाताचा दांडा लगेच खाली दाबला, तर पात्यांचा कोन उतरतो आणि खालून येणारा वारा पाती भिंगरीसारखी फिरवत ठेवतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ आल्यावर नाक उचलून त्याच फिरत्या पात्यांच्या जोरावर अलगद टेकायचं. प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिकाकडून हे प्रशिक्षणातच घोटून घेतात. अडचण असते ती वेळेची. पाती हलकी असली की त्यांचा वेग झपाट्याने घसरतो. 'रॉबिन्सन आर-२२' सारख्या लहान हेलिकॉप्टरांत वैमानिकाला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. अमेरिकेने १९९५ मध्ये त्या हेलिकॉप्टरांसाठी खास प्रशिक्षणाचा नियम केला, तो अशाच घसरत्या वेगाच्या अपघातांमुळे.

ग्लासगोत वर रात्रीचा अंधार आणि खाली भरवस्ती. इंजिनांबरोबर जनरेटरही थांबले. उंची दाखवणारं रेडिओ उपकरण आणि उतरताना लागणारा, दिशा वळवता येणारा दिवा चालू राहावा, यासाठी एक बटण आणीबाणीच्या स्थितीत न्यावं लागतं. ते नेहमीच्याच स्थितीत सापडलं. छपरावर आदळताना मुख्य पाती आणि शेपटीचा पंखा, दोन्ही फिरत नव्हते.

आणि 'ब्लॅक बॉक्स मिळाला की सगळं कळेल' हे आपण सवयीने म्हणतो. या हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्स नव्हताच, कारण एवढ्या हलक्या हेलिकॉप्टरला तो बंधनकारक नव्हता. तपास अधिकाऱ्यांनी उपकरणांमधल्या चिप उघडून, त्यात उरलेल्या नोंदींवरून पाच इशाऱ्यांचा माग काढला. कॉकपिटमधला आवाज मात्र कुठेच नोंदलेला नव्हता. ते पंप बंद का राहिले, हे दहा घरांना आजही कुणी सांगू शकत नाही. पोलिसांच्या आणि रुग्णवाहिका म्हणून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत नोंदयंत्र असावं, अशी शिफारस तपास शाखेने या अपघातानंतर केली.