रुग्ण नव्हे, धूळ मोजा

ग्लासगोचे डॉक्टर जॉन कूपर यांनी 1837 मध्ये एका रसायन कारखान्यातल्या पाच कामगारांची हकिगत छापली. ब्लीचिंग पावडरसाठी लागणारं मँगनीजचं काळं खनिज दळणं हे त्यांचं काम. त्यांच्या पायांतलं बळ गेलं होतं, चालताना अंग पुढे झुकून तोल जात होता, आवाज कुजबुजीइतका क्षीण झाला होता आणि तोंडातून लाळ गळत होती. हात मात्र थरथरत नव्हते. जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचं वर्णन केलं त्याला तेव्हा वीसच वर्षं झाली होती. या दोन आजारांची गल्लत आजही होते, आणि मँगनीजच्या विषबाधेचे रुग्ण कागदावर फारसे दिसत नाहीत याचं एक मोठं कारण मला तरी हेच वाटतं.

मँगनीज हा शरीराला लागणारा घटक आहे, मग त्याचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी विचारेल. धान्यांत, डाळींत, अगदी चहातही तो असतो, हे खरंच. पण पोटात गेलेल्या मँगनीजपैकी शंभरातले जेमतेम तीन ते पाच भाग आतडी शोषून घेतात आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासावाटे आलेल्या धुळीला हा पहारा लागतच नाही. फुप्फुसांतून ती थेट रक्तात जाते आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागात साठते. एमआरआयमध्ये तो भाग उजळ दिसतो. आजाराची सुरुवात बहुधा मनाच्या लक्षणांनी होते. झोप उडते, चिडचिड वाढते, कारण नसताना हसू किंवा रडू येतं. चिलीतल्या खाणींत याला ‘मँगनीजचं वेड’ म्हणत. पुढे चेहरा निर्विकार होतो आणि माणूस कोपर दुमडून, चवड्यांवर, कोंबड्यासारखा चालू लागतो. त्याला मागे पाऊल टाकायला सांगितलं तर तो पडतो. कंपवातावरच्या लेव्होडोपा या औषधाचा इथे सहसा टिकाऊ उपयोग होत नाही. तैवानमधल्या एका फेरोमँगनीज कारखान्यात भट्टीवरची हवा खेचणारी यंत्रणा बिघडली आणि 1985 मध्ये तिथले कामगार आजारी आढळले. धुळीपासून दूर झाल्यावरही पुढच्या दहा वर्षांत त्यांचा आजार वाढतच गेला. म्हणजे रोग अंगावर दिसेपर्यंत थांबलो, तर उपाय करायची वेळ टळून गेलेली असते.

आपल्याकडे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. त्यांपैकी डोंगरी बुजुर्ग खाणीचं खनिज ड्राय सेलसाठी वापरलं जातं. कळवायच्या आजारांच्या कायदेशीर यादीत मँगनीजची विषबाधा आहे, आणि असा रुग्ण सापडला तर कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ‘पण नोंदी कुठे आहेत?’ हा आक्षेप वजनदार वाटतो खरा. मात्र नोंद होण्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते. पन्नाशीतला मजूर अडखळत चालू लागला, की घरचे वय म्हणतात, गावातला डॉक्टर वात म्हणतो. तो पूर्वी कुठे राबत होता हे विचारायचं राहून जातं. प्रश्न फक्त खाणींचा नाही. वेल्डिंगच्या धुराने खरा कंपवात होतो का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. पण तो वाद रोगाच्या नावाचा आहे. त्या धुरात मँगनीज असतं, याबद्दल वाद नाही. अमेरिकेत हवेतल्या मँगनीजसाठी कायद्याची जुनी कमाल मर्यादा घनमीटरला 5 मिलिग्रॅम आहे, तर तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये फुप्फुसांत खोलवर जाणाऱ्या बारीक कणांसाठी 0.02 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. दोन्ही आकड्यांचं मोजमाप अगदी सारखं नाही, तरी फरक डोळ्यांत भरतो. आपल्या गल्लीबोळांतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तर मोजणी हा विषयच नसतो. तिथे तोंडाला रुमाल बांधतात, पण वेल्डिंगच्या धुराचे कण इतके बारीक असतात की ते रुमालातून सहज आत जातात. ठिणगीच्या जवळून धूर खेचून घेणारा पंखा मात्र तो धूर नाकापर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा काढून टाकतो.