वर्दीनंतर – लेखांक ९ : एम.एच.मध्ये बिल नसतं

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातला जवान पेन्शनवर घरी येतो तेव्हा पस्तीस-चाळिशीचा असतो. मुलं शाळेत असतात, घराचं बांधकाम अर्ध्यावर असतं आणि कमावण्याची निदान वीस वर्षं हातात असतात. गावात पहिली विचारणा होते ती वॉचमनकीची. ओळखपाळख असली तर सिक्युरिटी सुपरवायझरची. माजी सैनिक महामंडळाकडून, म्हणजे ‘मेस्को’तून, मिळणारं कामही बरंचसं सुरक्षेचंच. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्याने आर्मी मेडिकल कोअरमध्ये नोकरी काढली, मिलिटरी हॉस्पिटलचं, म्हणजे ‘एम.एच.’चं, मेडिकल स्टोअर सांभाळलं, त्याला खासगी हॉस्पिटलच्या फाटकावर उभं करायचं आणि आतलं स्टोअर नवख्या मुलाच्या हाती द्यायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे. तोटा हॉस्पिटलचा.

या माणसाला काय येतं ते आधी बघू. कोणत्या औषधाची मुदत आधी संपते आणि कोणतं आधी बाहेर काढायचं, हे त्याच्या हाताला बसलेलं असतं. लेजरमध्ये आहे आणि कपाटात नाही, असं एकही इंजेक्शन निघालं तर काय होतं, हे त्याने भोगलेलं किंवा निदान पाहिलेलं असतं. बदलीच्या वेळी एकेक वस्तू मोजून ताबा देणं-घेणं, निकामी सामान बाद करण्यासाठी अधिकाऱ्यांचा बोर्ड बसवणं, इन्स्पेक्शनच्या आधी सगळी कागदपत्रं हाताशी ठेवणं, हे सगळं त्याच्या रोजच्या जगण्यातलं. खासगी हॉस्पिटलांना आज हेच हवं आहे. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली २००५ साली हॉस्पिटलांना मानांकन देणारं एनएबीएच आलं. त्याच्या मानांकनात तपासनीस येऊन लेखी कार्यपद्धत विचारतात, फायर ड्रिलच्या नोंदी पाहतात. पिवळ्या पिशवीत लाल पिशवीचा कचरा तर नाही ना, हेही बघतात.

ड्रिलचं तर विचारूच नका. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये आग लागून नवजात कक्षातली १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि २२ रुग्ण दगावले. त्यानंतर फायर सेफ्टीचे कागद सगळीकडे तयार झाले. पण आग विझवायच्या सिलिंडरची पिन कुठे असते हे वॉर्डातल्या मावशींना हाताला धरून दाखवणारा माणूस अजूनही सहज मिळत नाही.

मग अडतं कुठे? अडतं पैशापाशी. एम.एच.मध्ये उपचारासाठी दाखल झालेल्या जवानाला कुणी बिल देत नाही. पुण्याचं कमांड हॉस्पिटल घ्या, मुंबईचं ‘अश्विनी’ घ्या, देवळालीचं एम.एच. घ्या, खर्चाचा हिशेब असतो, पण तो रुग्णाच्या हातात पडत नाही. खासगी हॉस्पिटलात सगळं त्या एका कागदाभोवती फिरतं. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, “आज सोडू या.” नातेवाईक तेवढ्यात पिशवी भरतात, रिक्षावाल्याला फोन करतात. इकडे फाइलची यात्रा सुरू होते. निवासी डॉक्टरने डिस्चार्ज समरी लिहायची, ती टाइप व्हायची, वरिष्ठांनी तपासायची. न वापरलेली औषधं फार्मसीत परत जायची, लॅबचा एखादा राहिलेला रिपोर्ट चढवायचा, बिल पक्कं व्हायचं. कॅशलेस असेल तर सगळे कागद विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे, तिथून एक प्रश्न परत, त्याचं उत्तर पुन्हा तिकडे. दुपारचे चार वाजतात. ज्या खाटेवर हा माणूस कपडे घालून बसलेला असतो, तीच खाट खाली कॅज्युअल्टीतल्या दुसऱ्या कुणाला हवी असते.

युनिटमधून बदली होताना क्लिअरन्सचा कागद घेऊन लायब्ररीपासून कॅन्टीनपर्यंत सह्या गोळा करत फिरलेल्या हवालदाराला ही फाइल चटकन कळते. टीपीए मात्र शिकावं लागतं. विमा नियामकाने २०२४ मध्ये घालून दिलं की कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत व्हायला हवी. हॉस्पिटलने कागद वेळेत पाठवले तरच त्या नियमाचा उपयोग, आणि ते काम हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरच्या माणसाचं. म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवात मोठ्या खुर्चीवरून करूच नये. बिलिंग किंवा टीपीए डेस्कवर काही महिने काढावेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचं कामही याच शाळेतलं. ज्यांना एकदम खासगीत उडी नको, त्यांनी माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिककडे बघावं. ही योजना २००३ पासून आहे, पदं कंत्राटी असतात, पण रुग्णाला खासगी हॉस्पिटलात पाठवणं आणि तिथून आलेलं बिल, या दोन्ही गोष्टी तिथे जवळून दिसतात.

दुसरी अडचण स्वभावाची. हुद्द्याच्या उतरंडीत वाढलेला माणूस हॉस्पिटलात आला की खांद्यावरचे पट्टे शोधतो, आणि ते कुणाच्याच खांद्यावर नसतात. व्हिजिटिंग सर्जन हा हॉस्पिटलचा नोकर नसतो, तरी त्याचा शब्द चालतो. तो उशिरा आला म्हणून ऑपरेशनची यादी कोसळली, तर त्याला हुकूम सोडता येत नाही. त्याच्या सहायकाशी गोड बोलून उद्याची वेळ पक्की करावी लागते. काही सुभेदारसाहेबांना हे जमत नाही, ते चार महिन्यांत वैतागून घरी बसतात. नायक-हवालदार लवकर रुळतात, असं माझं निरीक्षण आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. सेवेअंती मिळणारं पदवी-समकक्षतेचं प्रमाणपत्र ठरावीक सरकारी पदांसाठी चालतं. ‘टिस’सारख्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) संस्थेतल्या हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या पदव्युत्तर प्रवेशाला ते दाखवून भागत नाही, खरी पदवी लागते. ती इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरीत असतानाच पुरी करावी. संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, पुनर्वसन अभ्यासक्रमही शक्यतो निवृत्तीआधीच करून घ्यावेत. मेडिकल कोअरच्या डॉक्टर अधिकाऱ्यांची वाट निराळी. त्यांच्यातले कित्येक हॉस्पिटल प्रशासनात एम.डी. करूनच बाहेर पडतात आणि थेट वैद्यकीय अधीक्षक होतात.

पहिल्या नोकरीसाठी मी एक पद मुद्दाम सुचवतो : रात्रपाळीचा ड्यूटी मॅनेजर. ते कुणाला नको असतं, म्हणूनच मिळतं. रात्री दोनला अपघाताची केस येते, पोलिसांना कळवायचं असतं, रक्तपेढीला फोन लावायचा असतो आणि पेशंटसोबत आलेली वीसजणं आयसीयूच्या दारात गर्दी करून असतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण त्या घडीला कायदा खिशात असून भागत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन, खुर्ची देऊन, खरं काय ते सांगणारा कुणीतरी लागतो. मुलाखतीला जाताना आपण किती खाटांच्या हॉस्पिटलात होतो आणि हाताखाली किती माणसं होती, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे. युनिटचं नाव, तैनातीची जागा यांतलं काहीही बायोडेटाच्या कागदावर नको. तो कागद कसा लिहायचा, हे पुढच्या आठवड्यात.