स्वतःवर लावून घेतलेला कर

नोव्हेंबर २००८. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून बराक ओबामा निवडून आले, हे मतदानाच्या रात्रीच जगाला कळलं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत मात्र त्याच मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या एका प्रश्नाचा निकाल लागायला काही आठवडे जावे लागले. त्या प्रश्नाचं नाव होतं 'मेझर बी'. काउंटीत होणाऱ्या खरेदीवर एकअष्टमांश टक्का जादा विक्रीकर तीस वर्षं भरायला मतदार तयार आहेत का, एवढंच त्यात विचारलं होतं. सॅन होजेच्या दिशेने येऊ घातलेली 'बार्ट' ही रेल्वे चालवण्यासाठी तो पैसा लागणार होता. मंजुरीसाठी दोनतृतीयांश, म्हणजे ६६.६७ टक्के मतं हवी होती. टपालाने आलेल्या मतपत्रिका मोजता मोजता अखेर आकडा स्थिरावला तो ६६.७८ टक्क्यांवर.

ही काउंटी म्हणजेच सिलिकॉन व्हॅली. सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिल्पिटास, सॅन होजे ही तिथल्या शहरांची नावं महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत रोजच्या बोलण्यात असतात, कारण कुणाची मुलगी तिथे आहे, कुणाचा भाचा. त्यांच्यापैकी जे अमेरिकेचे नागरिक झाले, त्यांच्या हातात दर दोन वर्षांनी अशी लांबलचक मतपत्रिका येते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, न्यायाधीश, शाळा मंडळाचे सदस्य यांच्या नावांनंतर शेवटी ओळीने हे प्रश्न असतात. शाळांच्या इमारतींसाठी रोखे काढायचे का? वाचनालयासाठी घरपट्टीत भर घालायची का? बस आणि रेल्वेसाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा का? प्रत्येकाखाली 'होय' आणि 'नाही'.

कर ही वरून येणारी गोष्ट आहे, असं मानण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. तो वाढला की कुरकुर करायची आणि भरायचा. लोकांना आधी विचारून, त्यांच्या 'होय'वर कर बसवण्याची ही पद्धत म्हणूनच मला समजून घेण्याजोगी वाटते. तिच्यात गुण आहेत, तसे मोठे दोषही आहेत. बार्टच्या गोष्टीत दोन्ही दिसतात.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या काउंट्यांना जोडणारी रेल्वे बांधायची, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९५७ साली त्यासाठी पाच काउंट्यांची एक स्वतंत्र संस्था झाली. सांता क्लारा तेव्हाच बाहेर राहिली. त्या खोऱ्यात त्या काळी फळबागा होत्या आणि रेल्वेची निकड कुणाला भासत नव्हती. मतदान व्हायच्या आधी सॅन माटेओ काउंटीने अंग काढून घेतलं. तिच्याकडे सदर्न पॅसिफिकच्या लोकल गाड्या होत्या, आणि आपले ग्राहक रेल्वेत बसून सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानांत जातील अशी तिथल्या व्यापाऱ्यांना धास्ती होती. एक मोठी काउंटी गेल्यावर उरलेल्यांवरचा भार वाढला आणि मरीन काउंटीही बाहेर पडली. पाचाच्या तीन झाल्या.

या तीन काउंट्यांपुढे ६ नोव्हेंबर १९६२ रोजी ७९ कोटी २० लाख डॉलरच्या रोख्यांचा प्रश्न ठेवला गेला. रोखे फेडायचे होते घरपट्टीतून. मंजुरीसाठी ६० टक्के मतं हवी होती आणि मिळाली ६१ टक्क्यांच्या किंचित वर. काँट्रा कॉस्टा काउंटीत स्वतंत्रपणे पाहिलं तर साठ टक्के भरलेच नव्हते. तिन्हींची मतं एकत्र धरायची असं आधीच ठरलं होतं, म्हणून प्रस्ताव तरला. पहिली गाडी ११ सप्टेंबर १९७२ रोजी धावली. दोनच वर्षांनी उपसागराच्या तळाशी टाकलेल्या बोगद्यातून ऑकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को जोडले गेले. आज त्या बोगद्याविना तिथल्या दळणवळणाची कल्पनाही करता येत नाही, आणि तो झाला की नाही हे दीड टक्क्याच्या आत ठरलं होतं.

सांता क्लारा तेव्हा बाहेर राहिली, आणि त्या निर्णयाची किंमत तिला पुढची अनेक दशकं मोजावी लागली. फळबागा गेल्या, तिथे चिपचे कारखाने आले, मग संगणक कंपन्या आल्या, आणि रस्ते गाड्यांनी तुंबले. १९८४ मध्ये सांता क्लाराच्या मतदारांनी महामार्गांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. राज्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या करातून वाहतुकीची कामं करणाऱ्या काउंट्यांना कॅलिफोर्नियात 'सेल्फ-हेल्प काउंटी' म्हणतात. त्या वाटेने पहिली चालली ती हीच. पुढे २००० साली बार्ट आणण्यासाठी तीस वर्षांचा अर्धा टक्का कर ७० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. मग आला २००८चा तो एकअष्टमांश टक्का. त्या प्रस्तावात एक चांगली अट होती: केंद्र आणि राज्य सरकारचा वाटा पक्का झाल्याशिवाय हा कर वसूलच करायचा नाही. २०१२ मध्ये केंद्राच्या ९० कोटी डॉलरचा करार झाला, त्यानंतरच वसुली सुरू झाली. १३ जून २०२० रोजी, ऐन कोविडच्या काळात, मिल्पिटास आणि बेरिएसा ही दोन स्थानकं उघडली. सॅन होजेच्या मध्यवस्तीपर्यंतचा पुढचा भुयारी टप्पा अजून व्हायचाच आहे आणि त्याच्या खर्चाचा अंदाज १२ अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे.

कॅलिफोर्नियात ही दोनतृतीयांशाची अट रुजवली ती ६ जून १९७८च्या 'प्रपोझिशन १३'ने. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्यांच्याबरोबर घरपट्टी वाढत होती, आणि निवृत्त माणसांना स्वतःच्याच घरात राहणं परवडेनासं झालं होतं. हॉवर्ड जार्विस यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या मतदानाने घरपट्टी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर रोखली, मूल्यांकनातली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर आणली आणि विशिष्ट कामासाठी बसवायच्या स्थानिक करांना दोनतृतीयांश मतं सक्तीची केली. त्या प्रस्तावाला स्वतःला दोनतृतीयांश मतं मिळालेली नव्हती. साध्या बहुमताने केलेल्या नियमाने पुढच्या पिढ्यांवर विशेष बहुमताचं बंधन घालावं, हे मला न्याय्य वाटत नाही.

या बंधनाचा सर्वांत कडवट अनुभव आला लॉस एंजेलिसला. मोटारींचं शहर म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या काउंटीने १९८० साली रेल्वेसाठी अर्धा टक्का विक्रीकर ५४ टक्के मतांनी मान्य केला. या कराला दोनतृतीयांशाची अट लागू होत नाही, असा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला, म्हणून तो टिकला. त्याच पैशातून १९९० मध्ये लाँग बीचची ब्लू लाइन धावली. पुढच्या निकालांनी ही पळवाट बंद झाली. २००८च्या उन्हाळ्यात पेट्रोल महागलं आणि नोव्हेंबरमध्ये 'मेझर आर' दोनतृतीयांशाच्या काठावरून जेमतेम पलीकडे गेलं: अर्धा टक्का, तीस वर्षं. मुदत वाढवली तर भविष्यातल्या वसुलीवर आज कर्ज काढता येईल आणि कामं लवकर उरकतील, म्हणून २०१२ मध्ये 'मेझर जे' आलं. त्याला ६६.११ टक्के मतं मिळाली. शंभरातल्या सहासष्ट माणसांनी 'होय' म्हटलं आणि प्रस्ताव पडला.

मला पुढची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पडलेल्या प्रस्तावाच्या पुरस्कर्त्यांनी मतदारांना दोष दिला नाही, प्रस्ताव नव्याने लिहायला घेतला. सांता मोनिकाचे माजी महापौर डेनी झेन यांच्या 'मूव्ह एलए' या संस्थेभोवती कामगार संघटना, पर्यावरणवादी आणि उद्योजक एकत्र आले. काउंटीच्या कोणत्या भागाला काय मिळणार आणि कधी, याची यादी त्या त्या भागातल्या नगरपालिकांना विचारून तयार झाली. वसुलीचा ठरावीक हिस्सा थेट गावोगावच्या नगरपालिकांकडे जाईल, रस्त्यांचे खड्डे आणि पदपथ त्यातून होतील, असं लिहून दिलं गेलं. २०१६ मध्ये 'मेझर एम' ७१ टक्के मतांनी मंजूर झालं, आणि तेही मुदतीविना, मतदार स्वतः रद्द करेपर्यंत चालणारा कर म्हणून. लोकांना कराचा राग असतो हे खरं. पण माझ्या दारासमोर काय होणार हे कागदावर दिसलं, तर तीच माणसं वेगळा विचार करतात.

'नाही' म्हणण्याचे परिणामही शहरं भोगतात. सिएटलमध्ये १९६८ साली जेम्स एलिस या वकिलाच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा प्रस्ताव आला. ५०.८ टक्के लोकांनी पाठिंबा दिला, पण लागत होते साठ. १९७० मध्ये पुन्हा विचारलं तर पाठिंबा आणखी घटला. केंद्र सरकारने या कामासाठी देऊ केलेले सुमारे ९० कोटी डॉलर अटलांटाकडे वळले. तिथे १९७१ मध्ये महापौर सॅम मॅसेल यांनी हेलिकॉप्टरमधून ध्वनिक्षेपकावर, खाली वाहतूक कोंडीत अडकलेल्या चालकांना 'होय' म्हणण्याचं आवाहन केलं होतं. बसचं तिकीट ४० सेंटवरून १५ सेंटवर आणण्याचं वचन दिलं आणि ते पाळलंही. फुल्टन आणि डीकाल्ब या दोन काउंट्यांनी एक टक्का कर स्वीकारला. क्लेटन आणि ग्विनेट यांनी नाकारला. काळ्या लोकांची वस्ती रेल्वेबरोबर आपल्याकडे सरकेल ही गोऱ्या उपनगरांतली भीती त्या नकारामागे होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. क्लेटनने २०१४ मध्ये मत बदललं. ग्विनेटने त्यानंतरही वारंवार नकारच दिला. सिएटलला अशी शहरी रेल्वे मिळाली ती २००९ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमध्ये गाडी तर २०२४ मध्ये धावली.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष कराच्या प्रकारातच आहे. विक्रीकर गरिबाला जास्त जाचतो. कॅलिफोर्नियात घरी रांधायच्या किराण्यावर तो नाही, एवढाच दिलासा. बाकी कपड्यांवर, भांड्यांवर, मुलांच्या वह्यांवर झाडूवाल्यालाही तोच दर आणि कंपनीच्या मालकालाही तोच. घरपट्टीची वाट बंद झाल्यामुळे नगरपालिका या कराकडे वळल्या. दुसरा दोष वचनांचा. २००४ मध्ये डेन्व्हर परिसरातल्या मतदारांनी 'फास्टट्रॅक्स' योजनेसाठी ०.४ टक्के विक्रीकर मान्य केला. दहा डॉलरच्या खरेदीमागे चार सेंट, असा प्रचार होता आणि बारा वर्षांत सगळं पूर्ण होणार होतं. बोल्डर आणि लाँगमाँट या गावांनाही रेल्वेचं वचन होतं. खर्चाचा अंदाज भराभर वाढला, मंदीत विक्रीकराची वसुली घटली, आणि त्या मार्गाचा पहिला छोटा तुकडा २०१६ मध्ये वेस्टमिन्स्टरपर्यंत येऊन थांबला. लाँगमाँटचे रहिवासी वीस वर्षं कर भरत आहेत. त्यांच्या गावात ती गाडी आलेली नाही. त्यांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो.

हे सगळं जमेस धरूनही या पद्धतीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. ती 'होय–नाही'च्याही आधी येते. मतदानापूर्वी कॅलिफोर्नियाच्या मतदाराच्या घरी एक पुस्तिका पोचते. तीत प्रस्तावाचा मसुदा असतो, काउंटीच्या वकिलाने केलेलं तटस्थ विश्लेषण असतं, बाजूने आणि विरोधात लिहिलेली टिपणं असतात आणि त्या टिपणांना दिलेली उत्तरंही. मतपत्रिकेवरचा प्रश्न ७५ शब्दांत बसवावा लागतो, आणि कराचा दर किती, वर्षाला किती पैसा येणार, वसुली किती काळ चालणार, हे त्यातच सांगावं लागतं. असे बहुतेक कर मंजूर झाल्यावर नागरिकांची देखरेख समिती नेमली जाते आणि दरवर्षीचं लेखापरीक्षण जाहीर होतं.

आपल्याकडे कराबाबत असं मतदान घेण्याची तरतूद नाही. थेट मताने निर्णय घेणं मात्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, यासाठी उभी बाटली आणि आडवी बाटली या चिन्हांवर बायकांनी रांगा लावून मतं दिली आहेत. किचकट वाटणारा प्रश्न नीट मांडला तर सामान्य माणूस त्यावर विचारपूर्वक मत देतो, याचा याहून चांगला पुरावा शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही.

आणि शहरांतल्या वाहतुकीसाठी कर तर आपणही भरतो. मुंबई, ठाणे, पुणे किंवा नागपुरात घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसारख्या प्रकल्पांच्या नावाने एक टक्का जादा मोजावा लागतो. साठ लाखांच्या घरामागे हे साठ हजार रुपये होतात. दस्त नोंदवताना किती जणांना हा आकडा वेगळा सांगितला जातो? त्या एक टक्क्यातून माझ्या शहरात वर्षाला किती जमले, ते कोणत्या मार्गावर खर्च झाले, आणि वसुली कोणत्या वर्षापर्यंत चालणार, हे एका कागदावर लिहून घरोघरी पाठवायला कुठल्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. मला मेट्रो हवी आहे, तिच्यासाठी पैसे देण्याचीही तयारी आहे. हिशेब मागणाऱ्याला विकासाचा विरोधक ठरवण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र मला मान्य नाही.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. आपल्या प्रभागातलं काम एका अर्जावर लिहून सुचवता येतं. रक्कम लहान असते, कामं पदपथ, दिवे, बसथांबे अशी; पण सुरुवात इथूनच होते. तुमच्या शहरात असा अर्ज मिळत असेल तर तो भरा, मिळत नसेल तर नगरसेवकाकडे मागा. त्याच कागदावर खाली आणखी तीन प्रश्न लिहा: वाहतुकीच्या नावाने आमच्याकडून किती घेतलं, कुठे खर्च केलं, आणि अजून किती वर्षं घेणार? उत्तर लेखी मागा.