अर्जातली वंशावळ आणि घरातली वंशावळ




बारावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर मुलामुलींची गर्दी सुरू होते. कोणी धडगावच्या वरच्या पाड्यांतून येते, कोणी अक्कलकुव्याहून, कोणी तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतींतून. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत कागद असतात. त्यांतला एक कागद मी नेहमी आधी बघते. तो म्हणजे वंशावळ.

अनुसूचित जमातीचा दाखला आणि त्याची वैधता मिळवताना अर्जदाराला आपली वंशावळ शपथपत्रावर लिहून द्यावी लागते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरलेली आहे, म्हणून त्याआधीचा पुरावा सर्वांत भक्कम मानला जातो. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीने पणजोबाचा कागद आणायचा. पणजोबा शाळेत गेला नाही, म्हणून त्याचा शाळेचा दाखला नाही. तो वनगावात राहिला, तिथे महसुली दप्तर उशिरा पोहोचले. मग कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची जुनी नोंद शोधायची, नाहीतर भाऊबंदांपैकी कोणाला वैधता मिळाली आहे का ते विचारत गावोगाव फिरायचे.

कार्यालय अशा रीतीने चार पिढ्या कागदावर विचारते. आपण मात्र, म्हणजे या मुलांना शिकवणारे, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करणारे, त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे, एकाही पिढीची नीट विचारपूस करत नाही. ही चूक माझ्याकडूनही झाली आहे, म्हणूनच हा लेख.

एक चुकीचा शेरा

गेल्या वर्षी अक्राणी तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे राहून कला शाखेच्या पहिल्या वर्षाला जात होती. अबोल होती, पण कामाला चोख. होळीच्या आठवड्यात ती न सांगता घरी गेली आणि अंतर्गत परीक्षेचे दोन पेपर बुडाले. दहा दिवसांनी परत आली. कारण विचारले तर खाली मान घालून एवढेच म्हणाली, "ताई, घरी काम होतं." मी वहीत शेरा लिहिला, ‘बेजबाबदार. पुढच्या वर्षी जागा द्यावी का, विचार करावा.’ आमच्याकडे जागा थोड्या आणि मागणारी मुले पुष्कळ, त्यामुळे अशा शेऱ्याला वजन असते.

एप्रिलमध्ये मी तिच्या पाड्यावर गेले. आजी दारातच बसली होती. तिला मराठी कळत नव्हते आणि मला पावरी तोडकीमोडकी येते, म्हणून नातच दुभाषी झाली. तेव्हा उलगडा झाला. तिचे आईवडील दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची. होळीला सगळे घर एकत्र येते आणि त्याच दिवसांत मुकादमाचा हिशेब होतो. घरात लिहितावाचता येणारी ही एकटीच. त्या आठवड्यात तिने बापाच्या शेजारी बसून खाडे, तोड आणि उचल यांचा हिशेब ओळीने तपासला होता. एक रक्कम दोनदा धरलेली तिला सापडली आणि ती तिने वजा करून घेतली.

मी जिला बेजबाबदार ठरवले, ती त्या घरातली सर्वांत मोठी जबाबदारी उचलून आली होती. ते मला सांगायला तिला शब्द सापडले नाहीत आणि मीही नीट विचारले नव्हते.

निघताना आजीने विचारले, "हे कॉलेज किती दिवसांचं?" मी तीन वर्षे म्हटले. तिने बोटे मोजली आणि नातीला काहीतरी सांगितले. नात हसून म्हणाली, "आजी म्हणते, तीन होळ्या. मला वाटलं होतं एका हंगामाचं आहे." वर्षभर त्या घराने मुलीची वाट एका हंगामाच्या हिशेबाने पाहिली होती आणि आम्ही कोणी त्यांना काही समजावले नव्हते.

तीन पिढ्या, तीन शाळा

त्या दिवसानंतर मी मुलांकडे बघण्याची रीत बदलली. कॉलेजच्या यादीत सगळ्यांपुढे ‘एस.टी.’ एवढीच दोन अक्षरे असतात. त्यामागे साधारण तीन पिढ्यांचा प्रवास असतो, तो समजून घ्यावा लागतो.

पहिली पिढी आजीआजोबांची. त्यांनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी किंवा तरुणपणी पाहिला. त्यांचे शिक्षण जंगलात झाले. कोणता कंद कधी खणायचा, मोह कधी वेचायचा, कोणत्या ओढ्याला चैत्रात पाणी राहते, हे त्यांना पाठ आहे. कागदाशी त्यांचा संबंध आला तो बहुतेक वेळा भीतीचा. जंगल जमिनीवर पेरणी केली की दंड किंवा खटला, आणि अंगठा दिला की काहीतरी हातचे जाणार, असा त्यांचा अनुभव. म्हणून आजही पालकांच्या सहीचा फॉर्म घरी पाठवला तर तो महिनाभर पत्र्याच्या पेटीत पडून राहतो. आपण त्याला अनास्था म्हणतो. ती अनुभवातून आलेली सावधगिरी असते.

दुसरी पिढी आईवडिलांची. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला आणि या पिढीतली काही मुले चौथी-सातवीपर्यंत शिकली. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसायची, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिली. आजही एका घरात बाप, काका आणि मामा तिघांचाही वाढदिवस १ जूनलाच निघतो. ही पिढी शाळेतून बाहेर पडली आणि ऊस, वीटभट्टी, बांधकाम यांच्या मागे गेली. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांतल्या घरांच्या बाबतीत तर गावही बदलले, शेजारही बदलला. या आईवडिलांना शिक्षणाचे मोल चांगले ठाऊक असते, पण कॉलेज आतून कसे असते हे त्यांनी पाहिलेले नसते. "शिक" एवढे ते सांगू शकतात. कोणता विषय घे, नापास झालास तर पुढे काय, हे सांगणारे घरात कोणी नसते.

तिसरी पिढी ही आपल्या ओट्यावरची मुले. २०२५ मध्ये पहिल्या वर्षाला आलेली बहुतेक मुले २००७ च्या आसपास जन्मली. वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला, म्हणजे कायदा आणि ही मुले जवळजवळ एका वयाची. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जंगल जमिनीवर दावा करता येतो, हे त्यांनी घरातल्या बोलण्यात ऐकले. काहींनी तर बापाच्या दाव्याचा अर्ज स्वतः वाचून दाखवला. आजीला कागदाची भीती होती, नातीला कागदाची सवय आहे. पण ती सवय तिला एकटीलाच, त्यामुळे घरातला प्रत्येक कागद तिच्याच डोक्यावर.

मधली गेलेली वर्षे

या मुलांच्या शिक्षणात एक मोठे भगदाडही आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती सातवीत होती. आश्रमशाळांनी मुलांना घरी पाठवले. आठवीचे जवळजवळ सगळे वर्ष तसेच गेले आणि परीक्षेशिवाय सगळे नववीत गेले. शहरातल्या मुलांचे वर्ग मोबाइलवर भरले. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि घरात फोन असला तरी तो बापाबरोबर गुजरातेत. त्या दीड वर्षात कोणी गुरे राखली, कोणी ऊस तोडला, काही मुलींची लग्ने झाली आणि त्या परत आल्याच नाहीत.

म्हणून बीजगणिताची पहिली पायरी आणि इंग्रजीची साधी वाक्यरचना, जी सातवी-आठवीत पक्की व्हायची, ती या मुलांची राहून गेली. कॉलेजात कच्चेपणा दिसला की "आश्रमशाळेची मुले अशीच" असे म्हणून आपण मोकळे होतो. नेमकी कोणती इयत्ता राहिली हे विचारले तर तेवढाच भाग शिकवता येतो. आम्ही गेल्या वर्षी आठवड्यातून दोन संध्याकाळी सातवीचे गणित घेतले. पहिल्या वर्षाच्या मुलांना सातवीचे पुस्तक हातात घ्यायला लाज वाटली, पण दिवाळीपर्यंत ती लाज गेली.

भाषेचेही तसेच. घरी पावरी, मावची किंवा देहवाली, शाळेत मराठी, मजुरीला गेले की गुजराती, आणि आता कॉलेजात इंग्रजी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रवेशाच्या अर्जात मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द आले. ते शिकलेल्या घरांतल्या मुलांनाही अवघड जातात. आमची मुले मात्र विचारत नाहीत, सायबर कॅफेवाला जे भरेल ते भरून येतात.

आणखी एक गोष्ट. सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत राहिलेल्या मुलाचे सगळे आयुष्य घंटेवर चालते. उठायची घंटा, जेवणाची घंटा, अभ्यासाची घंटा. कॉलेजात दोन तासांमध्ये तीन तास मोकळे असतात आणि घंटा कोणी देत नाही. पहिल्या सहामाहीत मुलगा नुसता कट्ट्यावर बसलेला दिसतो तो आळशी असतोच असे नाही. आपला वेळ आपण ठरवायचा असतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत असते.

सगळ्यांना एकच माप नको

हे वाचून कोणी सगळ्याच आदिवासी मुलांना ‘बिचारी’ ठरवू नये. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांची आजी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि वडील शिक्षक आहेत. त्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे. त्यांची गरज वेगळी, आणि पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलाची वेगळी. दोघांना एकाच बाकावर बसवून एकच उपदेश केला तर तो दोघांच्याही कामाचा नसतो. पार्श्वभूमी जाणून घ्यायची ती योग्य मदत करण्यासाठी. चुकीवर पांघरूण घालणे हा तिचा हेतू नाही. त्या मुलीलाही मी स्पष्ट सांगितले की पेपर बुडवणे चूकच होते, पण आधी सांगितले असते तर काही मार्ग काढता आला असता.

आम्ही काय बदलले

आता प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही प्रत्येक मुलाबरोबर अर्धा तास बसतो. समोर फॉर्म ठेवत नाही, चहा ठेवतो. प्रश्न पाच आहेत:

१. घरात तुझ्याआधी कोण कितवीपर्यंत शिकले?
२. आईवडील वर्षातले कोणते महिने गावात असतात?
३. घरातले कोणते काम तुझ्यावाचून अडते?
४. शाळा बंद होती तेव्हा तू काय करत होतास?
५. हे शिक्षण किती वर्षांचे आहे असे घरच्यांना वाटते?

शेवटचा प्रश्न त्या आजीने आम्हाला शिकवला. उत्तरे ऐकली की पुष्कळ गोष्टी आधीच सोडवता येतात. होळी आणि भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत कोण घरी जाणार, हे फेब्रुवारीतच कॉलेजला कळवता येते. शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात आल्यावर मुलगा ते पैसे घरी का पाठवतो, हेही कळते. बापाची उचल फेडायची असते. अशा वेळी आम्ही रागावत नाही, मुलाबरोबर बसून मेस, पुस्तके आणि घर यांचा हिशेब मांडतो. वर्षातून एकदा पाड्यावर जातो आणि घरच्यांना कॉलेज किती होळ्यांचे आहे ते सांगतो. यातले काहीच मुलाचा धर्म विचारून होत नाही, आणि होऊही नये.

डिप्लोमाच्या अभ्यासात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मला कंटाळवाणा वाटायचा. नावामागून नावे. आता वाटते, तारणाऱ्याची ओळख करून देताना मत्तयाने आधी पिढ्या सांगितल्या, त्यांत परक्या स्त्रियांची नावेही आहेत. पौलानेही तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावाने आठवण काढली. माणूस एकटा येत नाही, त्याच्या मागे घर येते, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. आपल्या वसतिगृहालाही ते ठाऊक असावे.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीची एटीकेटी अजून बाकी आहे, त्यावर मेहनत चालू आहे. तिच्या नावापुढचा माझा शेरा मी खोडला नाही. त्याखाली खरी हकिकत लिहून ठेवली आहे, म्हणजे माझ्या जागी येणाऱ्याला दोन्ही वाचता येतील.

आपल्यापैकी जे निवृत्त शिक्षक आहेत त्यांनी सातवी-आठवीच्या गणितासाठी आणि इंग्रजीसाठी आठवड्यातली एखादी संध्याकाळ द्यावी, ही विनंती. पावरी किंवा मावची बोलणारे कोणी पाड्यांवरच्या भेटींना सोबत आले तर फार उपयोग होईल. आणि या मुलांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या आईवडिलांची व आजीआजोबांचीही आठवण ठेवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.