रात्रीच्या फेरफटक्याची सोबतीण : विजेरी

दिवसभराची कामे आटोपल्यावर पाळीव कुत्र्याला फिरावयास नेणे, हा अनेक घरांतील नित्यक्रम असतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला गवत माजते, पथदिवे अधूनमधून बंद असतात आणि कुत्र्याचे नाक नेमके गवतातच शिरते. विषारी मण्यार प्रामुख्याने रात्रीच संचार करते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. अशा वेळी हातातील विजेरी ही चैनीची नव्हे, तर सुरक्षिततेची वस्तू ठरते.

विजेरी घेताना वेष्टनावरील ‘ल्युमेन’चा आकडा प्रथम नजरेत भरतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कसा पसरतो, हे त्यावरून कळत नाही. अरुंद झोत दूरवर पोहोचतो, परंतु पायाजवळची वाट अंधारातच राहते. चालण्यासाठी सुमारे १०० ल्युमेनचा रुंद प्रकाश पुरेसा होतो. क्वचित दूरचे पाहण्यासाठी ३०० ल्युमेनची सोय असल्यास उत्तम. प्रखर उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना अंधाराला पूर्णपणे सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून मंद प्रकाशाचीही सोय असावी.

कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे त्याला अंधुक उजेडातही बरेच दिसते. विजेरीची गरज खरी माणसाला! झोत कुत्र्याच्या डोळ्यांवर कधीही टाकू नये.

एक हात पट्ट्यात गुंतलेला असल्याने विजेरीची कळ अंगठ्याने सहज दाबता यावी आणि मनगटात अडकविण्यास दोरी असावी. विजेरी कमरेच्या उंचीवर धरल्यास तिरप्या प्रकाशात खड्डे व दगड यांच्या सावल्या पडून ते स्पष्ट दिसतात. कपाळावर बांधावयाच्या दिव्याने हात मोकळे राहतात, मात्र सावल्या कमी दिसतात.

‘आयपीएक्स ४’ ही खूण पावसाचे शिंतोडे सोसण्याची, तर ‘आयपीएक्स ७’ ही एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता दर्शविते. पुन्हा प्रभारित होणारे सेल रोजच्या वापरास किफायतशीर पडतात. साधे पेन्सिल सेल असल्यास, विजेरी दीर्घकाळ वापरात नसताना ते काढून ठेवावेत. अन्यथा ते पाझरून आतील भाग खराब होतो.

सर्पदंशाची नुसती शंका आली, तरी जखम कापण्यात वा आवळून बांधण्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. मात्र तशी वेळच येऊ नये, यासाठी पाऊल टाकण्यापूर्वी उजेड टाकावा, हे उत्तम.